खिळ्याचा शेजार

मंगळवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी माझ्या धाकट्या भावाचं नाव माझ्यासमोरच्या पडद्यावर आलं. यादीत तिसरं होतं. वर दोन नावं, खाली सत्तावीस, आणि त्याच्यापुढे लिहिलेलं : चौऱ्याण्णव टक्के. मी चहाचा कप उचलला होता तो तसाच खाली ठेवला. कपाखालचा कागद ओला झाला आणि शाई थोडी पसरली, हे मी नीट पाहिलं. अशा वेळी मला नेहमी भलतंच काहीतरी नीट दिसतं. बारा वर्षांपूर्वी हॉस्पिटलमध्येही मला पलंगाच्या चाकात अडकलेला केसांचा गुंता दिसला होता. बाकीचं मी नंतर आठवून आठवून जमवलं.

माझं काम सांगायला सोपं आहे. गाणी ऐकवणाऱ्या एका ॲपच्या कचेरीत मी बसतो. कुठल्याही गायकाचं पान उघडलं की खाली दहा जणांची रांग दिसते, हा आवडला तर यांनाही ऐका, अशी. त्या रांगेला आम्ही कचेरीत शेजार म्हणतो. मशीन तीस नावं सुचवतं, त्यातली वीस मी काढतो. माझ्याकडे गँगस्टा रॅप आणि हार्डकोर हिप-हॉप. पंचावन्न वर्षांचा, चष्मेवाला, पोटावर स्वेटर ताणलेला माणूस दिवसभर कानाला हेडफोन लावून शिव्या, गोळीबार आणि तुरुंगाच्या गोष्टी ऐकतो आणि कोण कुणासारखं आहे ते ठरवतो. समोरच्या टेबलावरची बाई अंगाया आणि बालगीतं पाहते. माझ्या हेडफोनमधून आवाज गळायला लागला की ती म्हणते, दादा, तुमच्या लोकांना जरा दमानं घ्यायला सांगा, माझी बाळं उठतील. गेली पाच वर्षं ती हा एकच विनोद करते आहे आणि मला तो अजून आवडतो.

यादी ज्या गायिकेच्या पानासाठी होती ती नवी होती. नाव करवत. वय तेवीस. तीनच गाणी, पण दोन आठवड्यांत चार लाख लोकांनी ऐकलेली, म्हणून तिचं पान घाईनं माझ्याकडे आलं होतं. धाकट्याचं नाव खिळा. म्हणजे घरात तो धाकटाच होता. खिळा हे नाव त्यानं स्वतः घेतलं, एकविसाव्या वर्षी. ॲपवर त्याच्या पानाला फोटो नाही, एक करडं वर्तुळ आहे. सहा गाणी आहेत. ती त्याच्या मित्रानं चढवली. ह्या मित्राच्या खोलीत भिंतीला गादी टेकवून त्यांनी रेकॉर्डिंग केलं होतं. चढवून तो दुसऱ्या देशात निघून गेला. महिन्याला एक्केचाळीस जण ऐकतात. ह्या कचेरीत लागलो त्या दिवसापासून मी तो आकडा रोज पाहतो. कधी एकोणचाळीस होतो, कधी त्रेचाळीस, पण एक्केचाळीसच्या आसपास घोटाळतो. त्यातला एक मी. एक आई. उरलेले एकोणचाळीस त्याचे कुणीतरी असतील, शाळेतले, गल्लीतले, कुणी पोरगी असेल जिच्याबद्दल त्यानं आम्हाला सांगितलं नाही, असं मी धरून चाललो होतो. ही एकोणचाळीस माणसं मी मनात वसवली होती. एकाला टक्कल दिलं होतं.

मशीन चुकतं. ते शब्द ऐकत नाही, नावं पाहत नाही. ठोका, सूर, आवाजाची जाडी, दोन शब्दांमधली फट, असलं काय काय मोजतं आणि टक्के सांगतं. मागे एकदा त्यानं एका खुनशी रॅपरच्या शेजारात रेल्वेच्या घोषणा टाकल्या होत्या. म्हणून माणूस ठेवतात. मी करवतीचं पहिलं गाणं लावलं. आवाज बाईचा, जाडसर, तळाशी खरखर. धाकट्याचा आवाज पातळ होता, फुटलेल्या बाजासारखा. बीट वेगळा. वेगही वेगळा, ती त्याच्यापेक्षा सावकाश. सारखं काही म्हणजे काही नव्हतं. मी चूक म्हणून शेरा मारणार होतो. पण गाणं चालू असताना माझ्या पाठीच्या मधोमध काहीतरी होत होतं. कुणी मागे येऊन उभं राहिलं की होतं तसं. दोनदा मी वळून पाहिलं. मागे भिंत आहे.

मग शंका आली की आम्ही करतो ते मी केलं. दोघांच्या आवाजाच्या रेघा पडद्यावर एकाखाली एक लावल्या आणि बीट काढून टाकला. नुसत्या रेघा पाहिल्या की दिसतं. धाकट्याचं नाक लहानपणापासून चोंदलेलं असायचं, त्यामुळे त्याला एका दमात ओळ पुरत नसे. बाकीचे ओळीच्या शेवटी श्वास घेतात, तो शब्दाच्या पोटात घ्यायचा. ‘शट’ म्हणायचा, श्वास घ्यायचा, मग ‘र’. हा दोष होता. त्याला तो घालवता आला नाही, म्हणून त्यानं तो ठोक्यात बसवला. करवतीच्या रेघेत त्याच जागी फटी होत्या. एक नाही, एकवीस. तिचं नाक चोंदलेलं नव्हतं, फटीत श्वासाचा आवाजच नव्हता. ती नुसती थांबत होती, जिथे तो श्वास घ्यायचा तिथे. हे ऐकून ऐकून येतं. शंभर वेळा ऐकून येत नाही. एखाद्याच्या गाण्यावरच एखादी बोलायला शिकली तर येतं.

मला आधी आनंद झाला. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला. माझ्या एकोणचाळिसांतली एक सापडली असं मला वाटलं. आईला सांगायचं ठरवूनही टाकलं. आईचं वय चौऱ्याहत्तर. सकाळी भांडी विसळताना ती फोन खिडकीत उभा ठेवते आणि धाकट्याचं गाणं लावते, सहापैकी एकच, दुसरं. त्या गाण्यावरून ते सगळं झालं एवढं तिला माहीत आहे. गाण्यात काय होतं ते तिनं विचारलेलं नाही. दर रविवारी मला विचारते, आज किती जण आले रे. जणू तो आत बसला आहे आणि लोक भेटायला येताहेत. मी सांगतो, एक्केचाळीस. ती म्हणते, बरे आले की.

मग मी बीट पुन्हा लावला आणि शब्द ऐकले. शब्द मी शेवटी ऐकतो, ती सवय आहे. ह्या गाण्यांत शब्द बरेचसे सारखे असतात, कोण किती मोठा, कुणाला कुणी आडवं केलं. करवत म्हणत होती :

*दोनदा म्हणालास ना रे, मी दोनशेदा ऐकलं,*
*बाबांच्या हातून पेला सुटताना ऐकलं.*

मी हेडफोन काढला. समोरच्या बाईनं मान वर करून पाहिलं आणि दादा, बरं आहे ना, असं विचारलं. मी म्हटलं, मशीन चुकलंय. ती म्हणाली, मग काय नवीन. आणि पुन्हा तिच्या बाळांकडे वळली.

धाकटा भित्रा होता. रस्त्यानं चालताना कुत्रं भुंकलं की माझ्या डावीकडचा उजवीकडे यायचा, बोलणं न थांबवता, जणू सहज. झेरॉक्सची मशीनं दुरुस्त करायच्या दुकानात कामाला होता, बोटांना कायम काळं. संध्याकाळी घरी येऊन वही काढायचा आणि स्वयंपाकघरात उभा राहून मला म्हणून दाखवायचा. मी तेव्हा एका दैनिकात शहराच्या पानावर होतो. बातम्या तपासायच्या, चुका काढायच्या, जागेत बसवायच्या. चुका काढणं एकदा अंगात भिनलं की घरी आल्यावरही सुटत नाही. त्याच्या वहीत पिस्तुलं होती, काळ्या काचांच्या गाड्या होत्या. मी विचारायचो, पिस्तूल पाहिलंयस तू? तो म्हणायचा, सिनेमात. मग ते काढ. गाडी? काढ. खोटं वाटतं, असं मी म्हणायचो. रॅपवाल्यांना त्याहून वाईट काही म्हणता येत नाही, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हतं. त्यांच्यात सगळं चालतं, बेसूर चालतं, घाण चालतं, खोटा चालत नाही. तो वही मिटायचा, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडायचा. माझ्याखेरीज त्याचं ऐकणारं कुणी नव्हतं. एकदा चिडून म्हणाला, मग तूच सांग ना एखादं खरं.

मी सांगितलं. त्या आठवड्यात पानावर एक बातमी आली होती. एका सुताराच्या दुकानात संध्याकाळी तिघे जण शिरले, त्याचा डावा हात उंबऱ्यावर धरला आणि त्यावर शटर पाडलं. जागेवरून भांडण होतं, माणसं अनोळखी होती. बातमीदारानं अकरा ओळी लिहिल्या होत्या. त्याला सुतार स्वतः भेटला होता, हॉस्पिटलात. साडेसहाला जाहिरात वाढली आणि मला सहाच ओळींची जागा उरली. मी पाच ओळी कापल्या. चांगल्या कापल्या, बातमी कुठे अडली नाही, संपादक बरं म्हणाले. कापलेल्या पाच ओळींत असं होतं : शटर निळं होतं. ते दोनदा पाडलं. पहिल्यांदा पाडल्यावर सुतार म्हणाला, निदान उजवा सोडा.

ह्या ओळी छापून आल्या नाहीत. त्या ठाऊक असलेली माणसं मोजकी. सुतार, ते तिघे, बातमीदार, मी. कापलेला मजकूर डोक्यात राहतो, छापलेला जातो. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांना हे माहीत असेल. तीन दिवस ते वाक्य माझ्या डोक्यात होतं. निदान उजवा सोडा. धाकटा चिडला त्या संध्याकाळी मी त्याला ते दिलं, आणि नुसतं दिलं नाही. त्यानं लिहिलेली ओळ मला ढिली वाटली, म्हणून वही माझ्याकडे ओढून मी स्वतः लिहिलं :

*निळं शटर खाली आलं, एकदा नाही, दोनदा,*
*उजवा सोड म्हणालास ना, सोडला, हलवून बघ एकदा.*

धाकट्यानं म्हणून पाहिलं. श्वास ‘शटर’च्या पोटात घेतला. त्याच्या हातावर काटा आला होता, मला दिसला. तो म्हणाला, पण हे मी केलेलं नाहीये. मी म्हटलं, गाण्यातला ‘मी’ म्हणजे तू थोडाच? एवढं वाक्य मी भाजी निवडता निवडता म्हटलं.

महिनाभरात ते गाणं एका फोनवरून दुसऱ्यावर असं शहरभर गेलं. पहिल्यांदाच लोक त्याला ओळखायला लागले. झेरॉक्सच्या दुकानात पोरं येऊन त्याला नुसती पाहून जात. तो थोडा ताठ चालायला लागला. कुत्र्याला मात्र घाबरायचा. मग ते सुताराच्या घरी पोहोचलं. त्या घरात त्यांनी काय ऐकलं असेल हे मी बारा वर्षं ऐकत आलो आहे. शटर दोनदा पडलं हे पेपरात नव्हतं. उजवा सोडा हे पेपरात नव्हतं. जो तिथे होता त्यालाच हे माहीत. सुताराचा भाऊ एका दुपारी दुकानामागच्या जिन्यावर धाकट्याला गाठायला आला, बरोबर आणखी एक जण. त्याला वरून ढकललं. अकरा पायऱ्या आहेत. मी नंतर मोजल्या. धाकटा तिसऱ्या दिवशी गेला. मधल्या दिवशी शुद्धीवर होता, तासभर. मला म्हणाला, “मी सांगितलं त्यांना, हे माझं नाही म्हणून. मग कुणाचं, असं विचारत होते. मी नाही सांगितलं.” मग त्यानं पाणी मागितलं. मी दिलं. पलंगाच्या चाकात केसांचा गुंता होता.

खटल्यात मला बोलावलं. सुताराच्या भावाच्या वकिलानं एकच गोष्ट फिरवून फिरवून विचारली. शटर दोनदा पडलं हे तुमच्या भावाला कसं माहीत? मी म्हटलं, माहीत नाही. उजवा सोडा हे शब्द त्याला कुणी सांगितले? माहीत नाही. तो त्या संध्याकाळी कुठे होता? घरी, तापानं पडला होता. हे खरं होतं, पण पहिल्या दोन उत्तरांनंतर ते कुणाला खरं वाटलं नाही, मलाही वाटलं नसतं. कोर्टात मी शांत होतो. बाहेर येऊन चष्मा पुसला. आईला घरी ठेवलं होतं. दैनिकातली नोकरी मी त्यानंतर दोन महिन्यांनी सोडली, कारण विचारलं तेव्हा डोळे सांगितलं.

मंगळवारी दुपारी मी करवतीला फोन केला. हा आमचा नियम आहे. नव्या गायकाचा शेजार लावण्याआधी त्याला एकदा फोन करायचा आणि विचारायचं, तुम्हाला कुणाच्या शेजारी बसायला आवडेल, तीन नावं सांगा. सांगितलेली द्यायचीच असं नाही, पण विचारायचं. फोन रेकॉर्ड होतो, महिनाअखेरीस आमची वरिष्ठ बाई त्यातले काही ऐकते. मी हा फोन दुसऱ्या कुणाकडे देऊ शकलो असतो. यादीत नातेवाइकाचं नाव असेल तर द्यावाच, असं लिहिलेलं आहे. मी दिला नाही. नाव काढून टाकलं असतं तर कुणी विचारलंही नसतं, मशीन चुकलं असं झालं असतं, एक्केचाळीस एक्केचाळीसच राहिले असते. ठेवलं असतं तर चार लाख लोक तिच्या गाण्यावरून उतरून सरळ त्याच्याकडे गेले असते आणि त्यांनी निळं शटर त्याच्याच तोंडून ऐकलं असतं. म्हणजे त्यानं न केलेली गोष्ट त्याच्या नावावर कायमची लागली असती, ह्या वेळी चार लाखांसमोर. ह्या दोन्हींमधलं मी काय करणार होतो ते मला फोन लावतानाही ठरवता आलं नव्हतं.

तिच्यामागे रंधा मारल्याचा आवाज येत होता, लांब, एकसारखा. तिनं आधी माफी मागितली, बाबांचं काम चालू आहे म्हणाली. मी ठरलेली वाक्यं म्हटली. तिनं पहिली दोन नावं पटकन दिली, दोन्ही माझ्या यादीत होती, मी खुणा केल्या. तिसऱ्याला थांबली.

“हा तुम्हाला पटकन सापडणार नाही. खिळा म्हणून आहे. चाळीसएक जण ऐकतात त्याला, त्यातली एक मी.”

कारण विचारायचा रकाना आहे. मी विचारलं. ती तयारीत होती, जणू कुणीतरी कधीतरी विचारेल म्हणून वर्षानुवर्षं धरून ठेवलेलं. तिनं बाबांचा हात सांगितला, दोन बोटं गेली ते, आणि तीन बोटांनी रंधा धरायला ते कसे शिकले ते. काका सांगितला. काका गेल्या वर्षी सुटून आला होता. फारसा बोलत नव्हता, माडीवर बसून असायचा. पण घरात सगळ्यांना एवढं पक्कं होतं की काकानं योग्य माणसाला मारलं. तेवढ्यावरच तो उभा आहे सर, ती म्हणाली. मी अकरा वर्षांची होते, तेव्हापासून ते गाणं ऐकते. आधी रडायला ऐकायचे, मग शिव्या द्यायला, मग नुसतीच. त्याच्यासारखं म्हणता आलं पाहिजे म्हणजे त्याला उत्तर देता येईल, असं वाटायचं. तिला त्याचा शेजार हवा होता, कारण तिचं गाणं संपल्यावर लोकांनी लगेच त्याला ऐकावं. दुसऱ्या कुणी सांगण्यापेक्षा त्यानंच सांगावं, काय केलं ते.

मी रकान्यात ‘कारण’ या शब्दापुढे काहीच लिहिलं नव्हतं. मी म्हटलं, “त्यानं ते केलं नाही.”

“कोण बोलतंय?”

“मी त्याचा मोठा भाऊ.”

रंधा थांबला. तिनं थांबवायला सांगितलं की ती बाहेर गेली, कळलं नाही. समोरची बाई कुणालातरी हळू आवाजात अंगाईची चाल समजावत होती. मी सांगायला सुरुवात केली. मला एकाच तऱ्हेनं सांगता येतं, पेपरात सांगतात तसं. केव्हा, कुठे, कोण, काय. अकरा ओळी, जाहिरात, सहा ओळींची जागा, कापलेल्या पाचांमध्ये काय होतं, वही कुणी ओढली, दोन ओळी कुणी लिहिल्या. धाकटा त्या संध्याकाळी तापानं पडला होता. हॉस्पिटलात त्यानं मला काय सांगितलं तेही सांगितलं. सगळं मिळून चार मिनिटं लागली, रेकॉर्डिंगवर आकडा दिसत असतो. बारा वर्षं जे मला डोंगराएवढं वाटत होतं ते चार मिनिटांत मावलं याची मला किळस आली. कोपऱ्यात लाल ठिपका चालू होता. मी तो बंद केला नाही.

तिचा श्वास ऐकू येत होता, नीट, ओळीच्या शेवटी घेतलेला.

“कोर्टात होतात ना तुम्ही,” ती म्हणाली. “चष्मा होता. आईनं मला दुसऱ्या रांगेत बसवलं होतं. तुम्ही दोनदा माहीत नाही म्हणालात.”

“हो.”

“मग आता काकाला काय सांगू मी?”

मी पडद्यावरच्या रिकाम्या रकान्याकडे पाहिलं.

“म्हणा ना परत. माहीत नाही म्हणा.”

ती ओरडली नाही. तिच्या गाण्यात आहे तोच आवाज होता, जाडसर, तळाशी खरखर, आणि मधे एक थांबा, शब्दाच्या पोटात. ‘मा’, मग ‘हीत’. तिला हे कळतही नसावं. माझ्या भावाची ती फट एका परक्या मुलीच्या घशात बसून मला बोलत होती. मला वाटलं मी आता रडेन, पण तसं काही झालं नाही. मी म्हटलं, खरं ते सांगा. ती हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाली, तुम्हाला सोपं आहे, तुमचा मेलेला निर्दोष निघाला, माझा जिवंत खुनी निघाला.

मी विचारलं, तिसरं नाव काढू का. ती म्हणाली, “नाही. शेजार ठेवा. फक्त त्या गाण्याखाली लिहिणाऱ्याचं नाव रिकामं आहे. मी किती वर्षं बघतेय, कायम रिकामं. ते भरा. पूर्ण नाव. आमच्याकडे सगळ्यांना वाचता येतं.”

तिनं फोन ठेवला. मी तीन वाजून वीस मिनिटांनी धाकट्याचं पान उघडलं. दुसरं गाणं, माहितीचा तक्ता. गायक, संगीत, रेकॉर्डिंग. गीतलेखक ह्या शब्दापुढे एक आडवी रेघ होती. पाच वर्षं मी हे पान रोज पाहत होतो आणि ती रेघ भरायला मला दहा सेकंद लागली असती. मी नाव टाइप केलं, आडनावासकट. मशीननं विचारलं, खात्री आहे? मग करवतीच्या यादीतली वीस नावं कापली, दहा ठेवली, तिसरं जागच्या जागी ठेवलं आणि बटण दाबलं. वरिष्ठ बाईंना चिठ्ठी लिहिली की आजचं रेकॉर्डिंग आजच ऐकावं, महिनाअखेरीची वाट पाहू नये. समोरची बाई म्हणाली, दादा, आज लवकर? मी म्हटलं, हो, जरा लवकर. ती म्हणाली, मग आज माझी बाळं झोपतील निवांत.

मी चालत घरी गेलो. दर चौकात मागे कुणी आहे का पाहिलं. कुणी असतं तर त्याचा चेहरा कसा असेल हे मला माहीत होतं, कोर्टात पाहिला होता, त्यावर बारा वर्षं घालून मी तो तयार ठेवला होता. मागे माणसंच माणसं होती, पिशव्या घेतलेली, फोनवर बोलणारी. त्यांतले काही जण आत्ता कानात माझ्या ओळी घालून चालले असतील. ते कोण हे ओळखायचा काही मार्ग नव्हता.

आई दारातच उभी होती. फोन हातात, चष्मा कपाळावर. तिला धड बोलता येत नव्हतं इतकी ती खुश होती. म्हणाली, अरे, किती आलेत बघ, सकाळी एक्केचाळीस होते, आता नऊ हजार दाखवतंय, आणि नऊ हजार म्हणजे नक्की नऊ हजारच ना, की माझं बोट लागलं कुठे? मी म्हटलं, नऊ हजारच. मग तिनं पडदा माझ्या डोळ्यांसमोर धरला.

“आणि हे बघ. तुझं नाव आलंय. दोघांची नावं एकाखाली एक. तू लिहिलंस हे? बोलला नाहीस कधी.”

मी म्हटलं, सगळं नाही. थोडं.

“तरीच,” ती म्हणाली. तरीच म्हणजे काय ते तिनं सांगितलं नाही. ती खुर्चीवर बसली, मला समोरच्या खुर्चीवर बस म्हणाली आणि गाणं बंद केलं. “एवढी वर्षं ऐकते मी हे, पण तो फार पळतो रे. मला शब्द धरता येत नाहीत. आवाज ऐकत बसते नुसती. तू लिहिलंयस तर तुला येत असेल. सावकाश म्हणून दाखव मला. पहिल्यापासून.”

मी तिला म्हणालो की आधी मला तिला काही सांगायचं आहे. ती म्हणाली, सांग मग, पळून जातंय का, आधी हे. तिनं डोळे मिटले आणि हात मांडीवर ठेवले, ऐकायला बसतात तसे.

शटरपर्यंत आठ ओळी आहेत. त्या धाकट्याच्या आहेत, त्याच्या एकट्याच्या. गल्लीबद्दल, काळ्या बोटांबद्दल, एका कुत्र्याबद्दल. मी पहिली म्हटली. दुसरी म्हटली. आई प्रत्येक ओळीला हं म्हणत होती, अर्थ कळल्याचा हं. कुत्र्याच्या ओळीला हसली. सहावीला तिनं डोळे न उघडता पदरानं नाक पुसलं. सातवी मी फार सावकाश म्हटली. आठवी संपली आणि मी थांबलो.

“हं,” आई म्हणाली. “पुढे?”